ढोलावरचं नाव

३ जानेवारी १९६२, बुधवार. सकाळ.

आजपासून वही. मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही, त्यामुळे ही वही माझ्याशिवाय दुसरं कुणी वाचेल ही भीती नाही. बोलते मी, लिहिते वेणू. वेणू म्हणजे माझी सून, चौथी पास. तिला मी घरातली धरते, वाचणाऱ्यांत धरत नाही.

वहीचं कारण असं की काल बैठकीत माझा अपमान झाला. गावदेवीची जत्रा माघी पौर्णिमेला. यंदा पालखीपुढे आमचा पितळी ढोल लावा, असं मी उभं राहून सांगितलं. आमचा म्हणजे आमच्या ह्यांचा. हे जाऊन अकरा वर्षं झाली. सिद्धगडाखाली पलटणीचा कोणी साहेब शिकारीला आला होता, त्यानं ह्यांचं वाजवणं ऐकलं आणि खूश होऊन ढोल दिला. वर नाव घालून दिला. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. मीच सांगितली आहे.

तर गोजर उठली. गोजर माझ्याच वयाची, माहेर शेणव्याचं. पालखीपुढे पहिला नारळ तिच्या घरचा फुटतो, म्हणून नाक कायम छपराला लागलेलं. म्हणाली, गिरजे, तो ढोल शेणव्याचा हाय गो, तुझ्याकडं पाहुणा आला नि घरजावई होऊन बसला. बैठक हसली. हसायला काय, दात असले म्हणजे झालं. निम्म्यांना तेही नाहीत.

गुरुजी मधे पडले. म्हणाले, ढोलावर नाव आहे ना, मग घासा, उजळा, जत्रेच्या सकाळी देवळापुढे सगळ्यांदेखत मी वाचतो. नाव ह्यांचं निघालं तर ढोल पालखीपुढे, माझा नवसू वाजवणार आणि पहिला नारळ आमचा. शेणव्याचं निघालं तर ढोल शेणव्याला. मी लगेच हो म्हटलं. गोजर जरा थांबली आणि मग हो म्हणाली. थांबली त्याअर्थी घाबरली.

हे जन्मभर खोटं बोलले. बाजारातून वांगी आणली तरी भेंडी आणली म्हणायचे, नुसती सवय. पण ढोलाची गोष्ट देवीची शपथ घेऊन सांगायचे. तेवढी एक खरी.

वेणू विचारते, मामंजींचं नाव लिहू का वहीत. म्हटलं, सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडानं नाय घ्यायचं नि पेन्सिलीनं पण नाय. मी घेत नाही ते तू कशी घेशील? ह्या वहीत ते 'हे'च राहतील.

४ जानेवारी. दुपार.

ढोल माळ्यावरून उतरवला. नवसूला तीन हाका मारल्या, चौथीला आला. अकरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता, तरी जड तितकाच. वरचं कातडं उंदरांनी कधीच खाल्लेलं. आत खुडूक कोंबडी बसली आहे, आठ अंड्यांवर. वेणूनं बसवली. साहेबाच्या ढोलात! मी बोलले बोलले आणि मग थांबले, कारण अंडी चांगली होती.

कोंबडी उठेपर्यंत पितळेला हात लावता येणार नाही. हरकत नाही. तोवर लोखंड करू.

६ जानेवारी.

ढोलाची रचना नीट बघितली. मधे पितळेचं खोड. वर आणि खाली एकेक लोखंडी कडं. कड्यांना धरून आठ लांब स्क्रू, स्क्रूच्या टोकाला हूक. स्क्रू पिळला की कडं खाली बसतं, कातडं ताणतं, ढोल बोलतो. एवढंच. पुरुष माणसं ह्या गोष्टी उगाच अवघड करून सांगतात.

स्क्रू मोजले तर सात. आठवा गोठ्यात सापडला, त्याला कंदील टांगलेला. हूक काढून घेतला. कंदील पडला. काच जुनीच होती.

ठराव: रोज एक स्क्रू. आठ दिवसांत आठ. नवव्या दिवशी कडी. दहाव्या दिवशी ढोल घेऊन गोजरच्या दारावरून उगाच एक फेरी.

८ जानेवारी.

ढोलावरचा एकही स्क्रू निघाला नाही. गंजून एकजीव झालेत. नवसू म्हणाला, आये, घासलेट सोड नि दोन दिस थांब. म्हटलं, थांबायचं तुला चांगलं जमतं, जन्मल्यापासून तेच करतोस. वरवंटा घेऊन दोन ठोके दिले. आत कोंबडीनं गोंधळ घातला. वरवंट्याचा टवका गेला. स्क्रू होता तिथंच.

संध्याकाळी घासलेट सोडलं. ही कल्पना माझी.

११ जानेवारी.

घासलेटानं काम केलं. सगळे स्क्रू सुटले. माझ्या हातून आजवर एकही काम बिघडलेलं नाही हे वेणूला लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं का ते कळायला मार्ग नाही. लिहिलं म्हणते.

१४ जानेवारी, संक्रांत.

गोजर तिळगूळ घेऊन आली. गोड बोल म्हणाली. मी गोडच बोलले. म्हटलं, गोजरबाय, जत्रेला येताना डोळ्यांवर फडकं बांधून ये हो, ढोलाकडं बघवणार नाय तुला. ती नुसती हसली आणि पडवीत मांडलेले स्क्रू बघून म्हणाली, पितळेला चिंच लाव, पण लोखंड चिंचेत नको घालू गो, खाऊन टाकील.

बघा. स्वतःहून सल्ला द्यायला आली. माझा ढोल उजळावा असं गोजरला कधी वाटेल? त्याअर्थी लोखंड चिंचेतच घालायला पाहिजे.

तिळगूळ बरा होता. थोडा कडक.

१५ जानेवारी.

मोठ्या परातीत चिंचेचा कोळ, दोन मुठी मीठ, त्यात आठही स्क्रू बुडवले. बारीक बारीक बुडबुडे येतात. मळ सुटतोय. नवसू डोकावून म्हणाला, आये, गोजरमावशी तर नको बोलली होती. घरात राहून शत्रूची बाजू.

दोन दिवसांनी काढायचे.

१७ जानेवारी.

आज काढायचे होते. पण वाल उपटणीला आले, त्यात पाठ धरली. उद्या.

१९ जानेवारी.

उद्या म्हशाची जत्रा. नवसूला बैल बघायचाय, मला घोंगडी बघायची. बहीण तिथंच दिलेली, चार दिवस राहून येऊ. स्क्रू आल्यावर काढू. लोणचं चार दिवस जास्त मुरलं तर काय बिघडतं?

२४ जानेवारी.

म्हशाला ढोलाची गोष्ट साधारण चाळीस जणांना सांगितली. त्यातल्या दोघांनी जत्रेला यायचं कबूल केलं. घोंगडी घेतली नाही, काळ्यात पांढरं फार होतं.

परातीत बघितलं. पाणी शाईसारखं. वेणू म्हणाली, आत्या, ह्यात टाक बुडवला तर तुमची अख्खी वही लिहून होईल. मी हसले नाही. स्क्रू काढले तर जांभळासारखे काळे, आणि एक आधीपेक्षा अंगानं बारीक झालेला. आजारी माणसासारखा.

मी नीट विचार केला. गंज तांबडा असतो, तो गेला. खाली काळं निघालं. त्याअर्थी लोखंडाचा मूळ रंग काळाच. गोजरला हे ठाऊक असणार, म्हणूनच तिनं नको म्हटलं.

पण ढोलाला काळे स्क्रू शोभणार नाहीत. काहीतरी करावं लागेल. सुचेल.

२६ जानेवारी.

कोंबडी उठली. पाच पिल्लं. शाळेत झेंडा लागला, नात मंगळी पहाटेपासून केस विंचरून बसलेली. सगळ्या गावाला सुट्टी. आम्ही मात्र ढोल धुतला, तीनदा. कोंबडीनं एकवीस दिवसांत काय काय केलं होतं ते वहीत नको.

२८ जानेवारी, रविवार. दुपार.

ही तारीख वेणूला ठळक लिहायला सांगितली.

सकाळपासून खोड घासत होते. आधी चिंच. मग राख. मग विटेचा चुरा आणि पेंढ्याचा बोळा. हिरवा कळंक सुटून पाणी शेवाळासारखं झालं. हात कोपरापर्यंत काळे. खालून पितळ असं निघालं की नव्यानं ओतलंय वाटावं. एक पिल्लू पुढं आलं, आपलंच तोंड बघून टोच मारून पळालं.

आणि मग नाव दिसलं. टिंबाटिंबांनी ठोकलेलं, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या मळाखाली गप्प बसलेलं. नावाचे तीन तुकडे, मधे जागा सोडून. माणसाच्या नावाचे किती तुकडे असतात? त्याचं, बापाचं, आडनाव. तीन! मला अक्षरं येत नाहीत, पण मोजता येतं.

वेणूला हाक मारली. म्हटलं, बघ. ती वाकली. पहिल्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि गप्प. बरोबर आहे. सासऱ्याचं नाव कशी घेईल? दुसऱ्यावरून बोट फिरवलं, गप्पच. आजेसासऱ्याचं कसं घेईल? म्हटलं, तिसरं तरी वाच गो, आडनाव तर तुझंपण तेच. तर तिनं पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. लाजली. आजकालच्या मुलींत एवढी लाज राहिली आहे हे बघून बरं वाटलं.

झालं. सिद्ध झालं. गुरुजींनी वाचायचं ते आता नावापुरतं.

३० जानेवारी.

वेणू दोन दिवस मागे मागे आहे. आत्या, एक बोलू का. आत्या, त्या नावाचं म्हणते मी. मी तिथंच थांबवलं. म्हटलं, नाव तुझ्या तोंडून निघायचं नाय म्हणजे नाय, मोठ्यांची रीत मोडशील तर ह्या घरात भांडं पण घासू देणार नाय. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, आत्या, लोक हसतील हो. म्हटलं, गोजरला हसतील.

हे लिहिताना पण ती जरा थांबली होती. लिही म्हटलं.

४ फेब्रुवारी, रविवार.

आठ ग्रह एका राशीत आले म्हणे, आज जग बुडायचं. देवळात सकाळपासून भजन. गोजरनं माझ्याकडची सुई परत आणून दिली. चार वर्षं ठेवून घेतली होती, आता पाप नको म्हणाली. कुणाकुणाच्या वस्तू दाबून ठेवणारी माणसं असतात, ती अशी वेळेला घाबरतात. आम्ही कुणाचं काही ठेवलेलं नाही. मी ढोल अंगणात मधोमध मांडला. बुडायचं तर हा बघून बुडा.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. ग्रहसुद्धा आता पूर्वीचे राहिले नाहीत.

७ फेब्रुवारी.

काळ्या स्क्रूंचं सुचलं. कल्हई!

कल्हईवाला मुरबाडहून आला, पिंपळाखाली भाता लावून बसला. घरातली दोन पातेली, एक तपेली आणि वरून आठ स्क्रू, हूक आणि दोन्ही कडी असं सगळं नेऊन ठेवलं. त्यानं स्क्रू हातात घेऊन इकडून तिकडून बघितला. म्हणाला, आजी, ह्याला आटे आहेत, कथील आट्यांत बसेल, मग हा कशात फिरायचा नाही, भांड्याचं काम वेगळं. म्हटलं, तुझा बाप ह्याच पिंपळाखाली बसायचा, त्यानं कधी मला शिकवलं नाय. तू कल्हई कर. तो म्हणाला, करतो, पण मागून मला बोलायचं नाही. म्हटलं, तुला कोण बोलतंय, मी ढोलाशी बोलेन.

नवसागर टाकला, धूर झाला, कथील फिरवलं, कापसाचा बोळा मारला. एकेक स्क्रू बाहेर निघाला तो चांदीचा! आटेसुद्धा दिसेनात इतका गुळगुळीत. बारीक झालेला स्क्रू पण पुन्हा अंगानं भरला. वेणूला म्हटलं, बघ, आजारी होता, बरा केला.

१० फेब्रुवारी.

नवसूनं मुरबाडहून बकऱ्याचं कातडं आणलं, भिजवलं, कड्यावर चढवलं. स्क्रू लावायला घेतले. दोन आटे फिरतात आणि थांबतात. नवसू जोर लावून लाल झाला. म्हणाला, आये, हे पुढं जात नाय. म्हटलं, घट्ट बसलं म्हणजे पुढं कसं जाईल? तू लहानपणी चप्पल घालताना पण असाच रडायचास.

उन्हात वाळवून थाप मारली. भाकरी परातीत पडल्यासारखा आवाज आला. नवसू म्हणे, ताण नाय. मी म्हटलं, नवं कातडं आहे, लाजतंय. पालखी समोर दिसली की आपोआप बोलेल. ह्यांच्या हातात तर तो नुसता ठेवला तरी गुणगुणायचा. हे पण हेच सांगायचे.

१४ फेब्रुवारी.

ढोल माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला आहे. रोज सकाळी लुगडं बाजूला करून नाव बघते, पुन्हा झाकते. वेणू आजूबाजूला नसते तेव्हा बोटही फिरवते. खडबडीत लागतं. पंचेचाळीस वर्षांत ह्यांचं नाव माझ्या तोंडी आलं नाही ते निदान बोटाला तरी लागलं.

हे शेवटचं खोडून टाक म्हटलं वेणूला. टाकलं म्हणते.

१७ फेब्रुवारी.

जत्रेचे ठराव.
नारळ मी स्वतः निवडणार, नवसू नाही.
नाव वाचताना डोक्यावरून पदर, नजर खाली. गर्व दिसू द्यायचा नाही.
नारळ फुटताना गोजरकडे बघायचं नाही.
एकदाच बघायचं.

१९ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा. सकाळ, घाईत.

निघालो. ढोल नवसूच्या डोक्यावर, ऊन पडलं की समोरून येणारी माणसं डोळे बारीक करतात. बाकी संध्याकाळी सांगते. बहुतेक दोन-तीन पानं लागतील, वेणूला पेन्सिल तासून ठेवायला सांगितली.

१९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

डोकं दुखतंय. काही नाही.

२१ फेब्रुवारी.

वेणू म्हणते, वही अर्धी राहिली तर बरं दिसत नाही. तर लिही.

देवळापुढे झाडून सगळा गाव. गोजरच्या माहेरचे चार जण शेणव्याहून मुद्दाम आलेले, पागोटी बांधून. गुरुजींनी चष्मा पुसला, वाकले, आणि मोठ्यानं पहिला शब्द वाचला. समस्त.

ह्यांचं नाव समस्त नव्हतं. पण मला वाटलं, पाळण्यातलं असेल, मला सांगितलं नसेल. मी मान हलवली.

दुसरा शब्द. ग्रामस्थ. माझ्या सासऱ्यांचं नाव ग्रामस्थ नव्हतं हे मला नक्की ठाऊक आहे, त्यांच्या श्राद्धाचं पीठ मी दरसाल दळते. तरी मी गुरुजींना म्हटलं, पुढं वाचा, चष्मा नीट लावा.

तिसरा. शेणवा.

गावकीच्या मोठ्या पातेल्यांवर असतं तेच. कुणाच्या लग्नाला उसनी नेली तर परत यावीत म्हणून घातलेलं. ह्या वेळी हसताना कुणी दात आहेत का नाहीत ते बघितलं नाही.

मी म्हटलं, नाव मागून कुणी घातलं असेल. कुणी म्हणजे कुणाकडं बघून म्हटलं ते सगळ्यांना कळलं. तेव्हा गोजर पुढे आली. मला वाटलं ओरडेल. हळू आवाजात म्हणाली, गिरजे, तुझ्या लग्नालाच नेलेला गो हा, एका दिवसाच्या बोलीवर. मी दहा वर्षांची, आमच्या वेशीत गाडीवर चढवताना बघितलाय. शेणव्याची माणसं दरसाल मागायला यायची, तुझा नवरा म्हणायचा पुढच्या जत्रेला देतो. मग एका पावसात निरोप धाडला की ढोल पुरात गेला.

सगळे हसत होते. मी विचारलं, मग पंचेचाळीस वर्षं तुझं तोंड का शिवलं होतं? गोजर म्हणाली, मी ह्या गावात नांदायला आले त्याच आठवड्यात तो माझ्या पाया पडायला आला. म्हणाला, गोजर, सांगू नको. नवरी माहेरून निघाली ती डोळ्यांना धार लावून. गाडीत रडली, वेशीत रडली. ढोलावर पहिली थाप पडली नि खुदकन हसली. तिला तो साहेबाचा वाटतोय तर वाटू दे, असं म्हणाला. मी नाय सांगितलं. तू माझ्या नारळावर आलीस म्हणून बोलले.

तेव्हा हसणं थांबलं. ते हसत होते तेच बरं होतं.

मी हसले असेन. आठवत नाही. हसलेच असेन तर ढोलाला नाही, वाजवणाऱ्याच्या तोंडाला हसले. वाजवताना ह्यांची जीभ बाहेर यायची.

शेणव्याच्या एकानं ढोल गळ्यात अडकवला आणि पालखीपुढे थाप मारली. फद्. पुन्हा मारली. फद्. पालखी तशीच निघाली. पहिला नारळ गोजरचा. मी तिच्याकडे बघितलं नाही. ठरावातली एवढी एक गोष्ट पाळली.

२२ फेब्रुवारी.

ढोल बैलगाडीनं शेणव्याला गेला. लुगडं तेवढं ठेवून घेतलं.

वेणूला विचारलं, तू अठ्ठावीस तारखेलाच वाचलं होतंस ना? हो म्हणाली. मग बोलली का नाहीस? म्हणाली, आत्या, तुमीच तर बोललात, सुनेनं त्या नावाला तोंड लावायचं नाय. सांगायला लागले तर भांडी काढून घेत होतात. मी म्हटलं, पण ते त्यांचं नाव नव्हतंच की! ती म्हणाली, ते सांगायला आधी वाचायला नको का.

माझीच सून. माझ्याच हाताखाली तयार झालेली.

ह्यांच्यावर विचार केला. चोर तो चोर. देवीची शपथ घेऊन खोटं बोलणारा माणूस. भेंडी काय, वांगी काय, एकूण एक खोटं. एकच गोष्ट खरी वाटत होती, तीच सगळ्यात मोठी थाप निघाली. पुढच्या जन्मी भेटले तर तोंड बघणार नाही. एकदाच बघेन.

ठराव: ढोलाचा विषय ह्या घरात बंद.

२५ फेब्रुवारी.

माळ्यावर ढोलाच्या जागी गोल डाग राहिला आहे. कोंबडी तिथं जाऊन बसते आणि इकडे तिकडे बघते. जनावराला काय कळतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.

दुपारी अंगणात बैलगाडी. शेणव्याची दोन माणसं, आणि ढोल.

मला वाटलं मन पालटलं. म्हातारीचं वय बघून दिला असेल परत. मी वेणूला चहा टाकायला सांगितलं आणि पदर सारखा करून बाहेर आले. त्यातला मोठा म्हणाला, आजी, आमच्या गावकीनं ठरवलं, हा तुमच्याकडंच असू द्या. म्हटलं, शेवटी खऱ्याची कदर झाली म्हणायची. तो म्हणाला, कदर नाय आजी, स्क्रू. आट्यांत कथील बसलंय, पिळला तर पिळत नाय, एक पिळताना मोडला, कडं खाली जात नाय, कातडं ताणत नाय. मुरबाडात दाखवला, शहापुरात दाखवला, दोन्हीकडं हसले. आमी ढोल दिलेला, परत आलंय पिंप. पिंप आमच्याकडं हाय.

बारीक झालेला होता तोच मोडला. दुखणाईत माणूस, तुम्ही जोर लावलात, असं मी त्यांना सांगितलं. ते चहा पिऊन गेले.

गोजर बांधावरून बघत होती. म्हणाली, चिंचेचं मी सांगितलेलं गो. मी म्हटलं, तू सांगितलंस म्हणूनच केलं. ती जरा विचारात पडली. पडू दे.

१ मार्च, गुरुवार.

नीट विचार केला. जे झालं ते एका परीनं चांगलंच झालं. ढोल आता आपला. शेणव्यानं स्वतःहून दिला, चार माणसांदेखत, चहा पिऊन. म्हणजे बक्षीसच झालं. साहेबानं दिला काय, गावानं दिला काय. हे जे सांगायचे ते पंचेचाळीस वर्षांनी का होईना, मी खरं करून दाखवलं.

फक्त वरचं नाव जायला हवं. ते गेलं की मुरबाडच्या कासाराकडून ह्यांचं घालून घ्यायचं. कासार विचारेल काय नाव घालू, तेव्हा ते त्याला कोण सांगणार, मी का वेणू, ते नंतर बघू. नवसूला नेऊ. तो चौथ्या हाकेला येईल.

सकाळी घासायला बसले. चिंच, राख, विटेचा चुरा, पेंढ्याचा बोळा. दोन बोळे झिजले. वेणू मधे येऊन बघून गेली आणि पदर तोंडाला लावला. ह्या वेळी ती लाजली नव्हती हे मला कळतं.

आता दुपार कलली. हात दुखतात. कोंबडी आत जाऊन बसली आहे, तिला उठवलं नाही. मी अजून घासतेच आहे, आणि जितकं घासते तितकं नाव उजळतंय.